पाहुणा आणि घरजावई

खिशाला पेन लावावं तसा स्क्रूड्रायव्हर लावून फिरायची सवय, म्हणून गल्ली त्यांना स्क्रूकाका म्हणे. नवी विंडोज झेपत नाही म्हणून लोक जुना संगणक भंगारात काढायला निघाले की काका त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट, हलकी प्रणाली घालून देत. नवख्यांना धास्ती वाटू नये म्हणून त्यांची एक रीत होती. आधी काही दिवस लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवायचं, आतल्या कशालाही हात लावायचा नाही. "पाहुणा म्हणून राहू द्या. पटला तर घरजावई करा," ते म्हणत.

त्यांच्या वहिनी शिवणकाम करत. कपड्यांचे सगळे नमुने त्यांच्या जुन्या संगणकात होते.

"भावजी, एक जरी नमुना गेला ना, तर या घरात तुम्हाला चहा नाही."

"वहिनी, पाहुणा तुमच्या कपाटाला हात लावणार नाही."

पाहुणा गुणी निघाला. वहिनींनी हौसेने त्यावर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा नवा नमुना काढला, तिथेच ठेवला आणि संगणक बंद केला. सकाळी पाहतात तर जुने नमुने जागच्या जागी, कोट मात्र गायब.

काका आले तेव्हा वहिनी कात्रीला धार लावत होत्या.

"पाहुणा गेला, जाताना माझा कोट घेऊन गेला."

काकांचा चेहरा उतरला. पाहुण्याच्या खोलीत, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये, जे ठेवावं ते संगणक बंद होताच पुसलं जातं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. "चूक माझी," ते म्हणाले. "काढून घेतो पेनड्राइव्ह. चहाही नको."

"बसा," वहिनी म्हणाल्या. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. त्यांनी कोट पुन्हा काढायला घेतला, काका शेजारी मापं वाचत राहिले. या वेळी बाही आधीपेक्षा नेटकी उतरली. वहिनींनी ती दोनदा निरखली.

"चांगला आहे हो हा पाहुणा. पण असा रोज विसरणारा पाहुणा नको मला. घरजावईच करून टाका."

आधी नमुन्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. मग लिनक्स संगणकात कायमचं बसवताना काका हात मांडीखाली घेऊन बसले आणि प्रत्येक बटण वहिनींनीच दाबलं.

तेव्हापासून काका नवख्याला पहिल्याच दिवशी पाहुण्याच्या खोलीत दोन ओळी लिहायला लावतात, संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावतात. ओळी गेलेल्या दिसल्या की माणूस दचकतो.

"घाबरू नका," काका सांगतात. "हा वहिनींचा कोट. तो एकदा हरवला, की पुढे काही हरवत नाही."