तुरटीचा खडा वाढवताना

घरी क्रिस्टल करायला घ्या. ते वाढोत न वाढोत, किस्से मात्र भराभर वाढतात! आमच्याकडे बरण्या तीनच होत्या, पण किस्से सांगायला बसलो तर चहा गार होतो.

मी यवतमाळला सरकारी कचेरीत क्लार्क. शिक्षण बी.कॉम. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी चौथीतली मुक्ता आणि तिची मैत्रीण झोया कंटाळल्या, म्हणून बोलून बसलो, "चला, क्रिस्टल वाढवू!" तिथून जो गोंधळलो, तो अजून सावरलेलो नाही.

*

किराणा दुकानात तुरटी मागितली.

"दाढीले पायजे का पाण्याले?"

"क्रिस्टल बनवायला."

दुकानदारानं जरा विचार केला आणि खडीसाखरेची पुडी पुढे सरकवली. "हे घ्या. रेडिमेड!"

मी मनसोक्त हसलो. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर खडीसाखर खरंच क्रिस्टल! तुरटी आणायला परत गेलो ते मान खाली घालून.

*

पुस्तकात मोरचुदाच्या निळ्याशार क्रिस्टलचा फोटो होता. मोरचूद विषारी, त्यामुळे ती बरणी फक्त मी हाताळायची असं बायकोनं बजावलं. बागेतल्या झाडांच्या रोगावर ते वापरतात, म्हणून गेलो कृषी केंद्रात.

"किती एकर संत्रा आहे?"

"संत्रा नाही हो. एक बरणी आहे."

तो काळजीत पडला. "बरणीले कोणता रोग लागला?"

*

आता जरा वाईट वाटण्यासारखं.

गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवली. थंड झाल्यावर तिचाच एक छोटा खडा दोऱ्याला बांधून सकाळी त्यात सोडला. म्हणजे तो वाढत जातो. संध्याकाळी पाहतो तर दोरा आहे, खडा गायब!

"झोयानंच घेतला," मुक्ता म्हणाली. "तीच दुपारी इथं बसली होती."

"म्या नाही घेतला!" झोया रडत घरी गेली. मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

रात्री पुस्तक पुन्हा वाचलं. दुपारच्या उन्हात पाणी तापलं, तापलेल्या पाण्यात आणखी तुरटी मावली, आणि खडा त्यातच विरघळला! सकाळी मुक्ताला घेऊन झोयाच्या वडिलांच्या, सलीमभाईंच्या गॅरेजवर गेलो. सगळं सांगितलं.

त्यांनी पाना खाली ठेवला. "साहेब, बोल्ट हरवला तर मी पहिले गाडीखाली पायतो. पोराच्या खिशात नाही."

मुक्तानं सरळ झोयाचा हात धरला. "चाल, दुसरा खडा बांधू. या वेळी बरणी माठापाशी ठेवू."

झोया पाच मिनिटं रुसली. मग म्हणाली, "गाठ मी बांधीन."

*

मिठाचे क्रिस्टल मात्र सुरेख चौकोनी झाले.

"काका, हे चौकोनीच काहून?" झोयानं विचारलं.

मी केमिस्ट्री शिकवणाऱ्या मित्राला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो अर्धा तास बोलला. मी "हो, हो" म्हणत होतो आणि जास्तच गोंधळत होतो.

झोया मध्येच म्हणाली, "म्हणजे मिठाचे कण प्रार्थनेच्या लाइनीसारखे उभे राहतात. पुढे-मागे, आजूबाजूले, सरळ सरळ."

मित्र थांबला. "अरे, मी एवढा वेळ काय सांगून राह्यलो!"

*

शाळा सुरू झाली आणि विज्ञान प्रदर्शन लागलं. तुरटीचा खडा तोवर लिंबाएवढा झाला होता, काचेसारखा लख्ख. बरणी हलली की वेडेवाकडे तुकडे चिकटतात, म्हणून दोघींनी कुणालाही तिच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, स्वतःही बोट लावलं नव्हतं.

परीक्षक आले. त्यांनी खडा उजेडात धरून फिरवून पाहिला. खूश दिसले.

"वा! पण बेटा, यात तुम्ही नेमकं केलं काय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काहीच नाही सर," झोया म्हणाली.

परीक्षकांचं पेन हवेतच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो.

"काहीच नाही?"

मुक्ता छाती काढून पुढे झाली.

"एकवीस दिवस, सर!"