आबांची नाडी

ती घटना आठवली की आजही त्या सुनेचा चेहरा समोर येतो. दुष्काळाचं साल होतं. मी तेर गावाच्या बाजूला फौजदार होतो. टँकरवरची भांडणं सोडवून ठाण्यातले शिपाई पार वैतागले होते. अशात एका सकाळी एक तरुण तावातावाने आला. "साहेब, वैनीनं आमच्या आबाला ईख घातलं!"

आबा जिल्ह्याच्या दवाखान्यात होते. त्यांना मूतखड्याचा जुना त्रास. घरात वाटणीवरून धुसफूस, आणि आबांचं खाणंपिणं ही थोरली सूनच बघायची. मी विष घातल्याची फिर्याद नोंदवली, पोराला आबांजवळ परत पाठवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

ते म्हणाले, "हृदय विजेच्या इशाऱ्यावर चालतं. मूत्रपिंडं थकली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि ठोका बिघडतो. कार्डिओग्राम तसाच दिसतोय. इंजेक्शननं नाडी सावरते, पुन्हा ढासळते. पोटात अजून काहीतरी जातंय. लवकर शोधा."

पोलीस पाटलांच्या बायकोला सोबत बसवून मी ठाण्यात सुनेचा जबाब घ्यायला लागलो. दरडावलं, समजावलं. बाई गप्प. मधूनच एवढंच विचारायची, "मामंजी हायती नव्हं?" गुन्हेगार आपल्या सुटकेचं विचारतो, ही सासऱ्याच्या जिवाचं विचारत होती. माझा संशय तिथंच फिटला, पण ती बोलत नाही याचा राग आला. तिकडे माणूस चालला होता.

शेवटी पाटलीणबाई म्हणाल्या, "झाडपाल्याचं हाय का गं?"

तिनं मान डोलावली. आमच्याकडे समज असा, की असल्या औषधाचं नाव उच्चारलं की त्याचा गुण जातो. तुरुंगात जाईन, पण सासऱ्याचं औषध वाया घालवणार नाही, असं तिनं ठरवलेलं.

"नाव घेऊ नको," मी म्हणालो. "नुसतं दाखव."

जीपनं तिच्या घरी गेलो. तिनं बांधावरचा वाळका आघाडा, मूतखड्यावर देतात तो, दाखवला, चुलीमागं ठेवलेली त्याची राख दाखवली, राख पाण्यात कालवून वरचं निवळलेलं पाणी कसं काढते तेही हातांनीच दाखवलं.

"उरलेलं कुठंय?"

तिनं जिल्ह्याच्या दवाखान्याच्या वाटेकडं बोट केलं.

ठाण्यात येऊन फोन केला. "अहो, राखेत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं!" डॉक्टर ओरडलेच. त्या पाण्याची बाटली आबांच्या उशाशी निघाली. आबा 'घरचं पाणी' म्हणून मागायचे आणि फिर्याद देणारा मुलगाच ते साधं पाणी समजून पाजायचा.

बाटली काढून घेतली आणि आबांची नाडी टिकली. गप्प बसलेला माणूस कुणाला तरी वाचवत असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या नोकरीत त्याचा फार उपयोग झाला.

आबा वाचल्याचं सांगायला मी स्वतः तिच्या घरी गेलो. तिनं हात जोडले. "म्या नाव घेतलं न्हाय, म्हणूनच गुण आला बघा, साहेब."

मी टोपी काढली, तिच्या ओट्यावर बसलो आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो.