रत्नाक्का बाळांच्या वॉर्डात

रत्नाक्का मला 'मास्तरीण' म्हणायच्या. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण गुलबर्ग्याच्या आमच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढून त्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आल्या, तेव्हा त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी संकोचून उभी राहिले, तर म्हणाल्या, "लाजायलीस कामून? मला इथलं काय बी येत न्हाई. पयल्यापासून शिकीव."

खरंच येत नव्हतं. धिप्पाड माणसाला एकटीनं कुशीवर वळवणारे ते हात किलोभराच्या बाळापुढे अडखळायचे. बारीक शीर पहिल्यांदा सापडली नाही, तेव्हा हातमोजे काढून त्या बाहेर गेल्या. मला वाटलं, आता बदली मागणार. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आल्या. "चल मास्तरीण, आणिक एकडाव दाव." औषधाचा प्रत्येक डोस माझ्याकडून दोनदा तपासून घ्यायच्या. या वयात एवढा त्रास कशाला, असं मी एकदा विचारलं.

"तिकडं माणसं जाताना लई बगितले," त्या म्हणाल्या. "आता आलेले बगू दे की."

निंबर्ग्याची एक बाळंतीण काचेच्या पेटीतल्या आपल्या बाळासाठी रोज दूध काढून द्यायची. एका सकाळी ती भिंतीला टेकूनच बसली. मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि बाळाकडे वळले. रत्नाक्का तिथंच थांबल्या.

"काय होयलंय गं तुला?"

"डोकं दुखायलंय, अक्का. झोप न्हाई म्हणून आसंल."

"नीट दिसायलंय का?"

"न्हाई. समदं धुरकट."

रत्नाक्कांनी तिच्या पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजायचा पट्टाच आमच्याकडे नव्हता. जिना उतरून त्यांनी तो जुन्या वॉर्डातून आणला, रक्तदाब मोजला आणि तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. बाळंतपणानंतर वाढलेल्या रक्तदाबानं झटके यायच्या आत तिला औषध मिळालं.

मी त्या बाईला रोज भेटत होते, आणि तिच्या पायांवरची सूज मला दिसली नव्हती. मला रडू आलं. रत्नाक्का म्हणाल्या, "तू लेकराकडं बगत हुतीस, मी तिच्याकडं. दोगी हाव म्हणून जमलं."

पुढच्या आठवड्यात ती बाई बाळाला छातीशी घेऊन बसली. ड्यूटी संपली तरी रत्नाक्का त्यांच्याजवळून हलल्या नाहीत.

आता त्या निवृत्त होऊन मन्नाएखेळ्ळीला असतात. परवा मी त्यांना फोनवर हौसेनं सांगत होते : दोन बाळं घरी गेली, तिसरं वजन धरायलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन त्या तिसऱ्याची आई जेवली का गं?"

मी त्यांना फोन चालूच ठेवायला सांगितला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईकडे गेले.