पुसली गेलेली नोंद

कामशेतची माधवी दरडीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायची. डोंगरावरच्या सेन्सरांच्या नोंदी वेळेच्या क्रमाने एका मॅपमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नोंदवहीत, जात. प्रोग्रामचे अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे भाग, त्यात एकाच वेळी लिहीत. जुलैत कान्हूभाऊंच्या वाडीवर दरड आली, पण इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही. माणसं वाचली, गोठा मात्र गाईसकट गाडला गेला.

माधवीने कोड तपासला. दोन थ्रेड एकाच जागी नोंद घालायला गेले की एकाची नोंद पुसली जाई; त्या दिवशी धोक्याचीच नोंद पुसली गेली होती. वेग वाढावा म्हणून तिथलं, एका वेळी एकालाच लिहू देणारं लॉक तिनेच काढलं होतं. ते परत घालून ती वाडीवर गेली.

"भाऊ, चूक माझी होती."

"गाय काय परत येनार न्हाई, पोरी. आता तरी भोंगा वाजंल का?"

हजार चाचण्या घेऊनही, हो म्हणण्याऐवजी माधवीने भाऊंसमोर भोंगा पुन्हा एकदा तपासायला घेतला.