गणिताचा रकाना

आमच्या शाळेच्या ऑफिसात दोन टेबलं समोरासमोर आहेत. एक माझं, टायपिंगचं. दुसरं हेडक्लार्कचं. बावीस वर्षं मी त्या माणसाचं तोंड बघत बसले आहे; नवऱ्याचंसुद्धा इतकं बघितलं नसेल. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर. पालक दारातून डोकावून विचारतात, "विषयवाले काका आहेत का?"

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलांना चार विषय निवडावे लागतात, आणि पुढे कुठल्या पदवीला काय लागतं हे काकांना तोंडपाठ. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते आधी घसा साफ करतात, मग म्हणतात, "काकांना भेटा." एका बापाला पोरगा डॉक्टर हवा होता आणि रसायनशास्त्र मात्र नको होतं, अवघड पडतं म्हणून. काकांनी त्याला असा झाडला की तो बिचारा छत्री विसरून गेला.

फॉर्म भरायची पद्धतही त्यांचीच. मुलाने चार रकाने पेन्सिलीने भरायचे, फॉर्म आठ दिवस घरी ठेवायचा, मग पालकाने त्यावर शाईने गिरवून सही करायची. पोरांची मनं आठवड्यात तीनदा पालटतात, म्हणून ही सोय. शाईचा फॉर्म आला की काका तो विद्यापीठाच्या प्रवेश-पुस्तिकेशी ताडून बघायचे आणि काही चुकलं असेल तर पालकाला परत बोलवायचे. किती पोरांची वर्षं या माणसाने वाचवली, मोजदाद नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी चिमी आमच्याच शाळेत होती. शाळा सुटली की माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन अभ्यास करायची. घरी लवकर जायला तिला नको असायचं आणि का, ते मला माहीत होतं. काकांची बायको, मी तिला वहिनीच म्हणते, एके काळी अशी हसायची की शेजारचे खिडकी उघडून बघायचे काय झालं. चिमी दहा वर्षांची असताना ती हळूहळू बोलायची थांबली. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. शेजारीण म्हणाली नखरे आहेत. त्या शेजारणीला मी जिन्यातच फैलावर घेतलं, आणि अजून मला त्याचं वाईट वाटत नाही. काका मात्र पहाटे उठून स्वयंपाक करायचे, बायकोची वेणी घालायचे आणि साडेनवाला टेबलावर हजर. तक्रारीचा एक शब्द नाही.

तेरा-चौदा वर्षांची असताना एक दिवस चिमी मला म्हणाली, "मावशी, आई का बोलत नाही, याचा सुद्धा अभ्यास असतो. मानसशास्त्र म्हणतात. मी तेच शिकणार."

"मग आधी माझं डोकं तपास बाई."

"तुझ्यासाठी दोन पदव्या लागतील."

कार्टी हजरजबाबी. पण त्या दिवसापासून तिचं पक्कं ठरलं. लायब्ररीतली त्या विषयावरची होती नव्हती ती पुस्तकं तिने पालथी घातली. विषय निवडायची वेळ आली तेव्हा फॉर्म भरायला तिला दोन मिनिटं लागली असतील. जीवशास्त्र, कारण मेंदू कळायला हवा. समाजशास्त्र, कारण माणसं कळायला हवीत. भाषा, कारण लिहिता यायला हवं. चौथं गणित. ते कशाला म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "प्रयोग केले की आकडे मांडावे लागतात, मावशी. नाहीतर नुसत्या गप्पा."

आठ दिवसांनी फॉर्म माझ्याकडे टाइप करायला आला. तीन रकाने तसेच होते. चौथ्यात पेन्सिलीचं गणित खोडलेलं आणि वर शाईने ठसठशीत लिहिलेलं, चित्रकला. खाली काकांची सही. पालक तेच आणि तपासणारे तेच. इथे दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला होता, परत बोलावणार कोण कोणाला?

मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "रोज संध्याकाळी गणिताची वही पुढ्यात घेऊन रडते हो. मी स्वयंपाकघरातून बघतो. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. हिचंही सुरुवातीला असंच व्हायचं. घरात एक अशी आहे बाई. दुसरी झाली तर मी कुठे जाऊ?"

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "बरं केलंत. मनाचं शास्त्र ते, त्यात गणित कशाला मेलं!" हसून म्हटलं, आणि टाइप केलं. माझ्या या जिभेला काय म्हणावं! एकदा मी म्हटलं असतं की पुस्तिका तरी बघा, तर काय बिघडलं असतं माझं?

चिमीने विषयांची टाइप केलेली यादी बघितली तेव्हा ती बापाकडे आली. काका म्हणाले, "मानसशास्त्राला गणित लागत नाही. जे काय आकडे असतील ते पुढे शिकवतात. आयुष्यभर हेच काम करतोय मी." अख्खं गाव ज्याच्या शब्दावर चालतं त्याच्या पोरीने तरी का शंका घ्यावी? ती बरं म्हणाली. महिन्याभराने काका मला आनंदाने सांगत होते, "तेव्हापासून पोरगी रडायची थांबली बघा."

दोन वर्षांनी विद्यापीठातून तिचा अर्ज परत आला. गणित विषय नसल्यामुळे अपात्र.

"त्यांचीच चूक आहे," काका म्हणाले आणि तावातावाने पुस्तिका घेऊन माझ्या टेबलावर उघडली. "हे बघा, मानसशास्त्र, पान..." आणि बोट थांबलं. त्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. विद्यापीठ दरवर्षी शुद्धिपत्रकं पाठवतं, म्हणजे बदललेल्या नियमांच्या छापील चिठ्ठ्या, आणि काका त्या कापून जागच्या जागी चिकटवतात. मानसशास्त्राला गणित सक्तीचं होऊन चार वर्षं झाली होती. मधल्या काळात आमच्या शाळेतून त्या पदवीला कोणी गेलंच नव्हतं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात काकांच्याच अक्षरात "नोंद घेतली" आणि तारीख. तारीख वहिनीला दवाखान्यात ठेवलं होतं त्या आठवड्यातली.

"बाई," ते म्हणाले, "डिंक मीच लावलाय."

मग ते उठले आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. अर्ध्या तासाने मी बघायला गेले तर नळाशी नुसते उभे होते, पेला रिकामाच.

गणित बाहेरून देता आलं असतं, पण त्याला आणखी दोन वर्षं लागणार होती. त्याच सुमाराला वहिनीने खाणंपिणंही टाकलं, दुपारभर तिच्यापाशी कोणीतरी बसायला हवं झालं. चिमीने कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. बापाला एका शब्दानं बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळे तरी झाले असते दोघं.

गेल्या महिन्यात मी चष्मा बदलायला गेले. चिमीने काच पुसली, माझ्या नाकावर चष्मा नीट बसवला आणि बिलाची बेरीज तोंडी करून मोकळी झाली. समोरचं हिशेबाचं यंत्र तसंच पडलेलं. मी म्हटलं, "अगं, तुला तर गणित येत नव्हतं ना? वही बघून रडायचीस म्हणे."

तिने काच पुसायच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "गणित मला पहिल्यापासून येतं, मावशी. आईसाठी रडायचे मी. वही समोर असली की कोणी विचारत नाही का रडतेस म्हणून."

मी नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस बाबांना?"

"सांगितलं असतं तर ते घरात दोघींसाठी रडले असते. आणि गणित गेल्यावर रडायला जागाच राहिली नाही. थांबले." मग माझा हात धरून म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हां. शपथ आहे."

त्यांना काय सांगणार, कपाळ माझं! काका अजून समोर बसतात. फॉर्मांचे दिवस आले की हातातलं काम थांबवतात आणि दर वर्षी मला तेच विचारतात. यंदाही विचारलं. "बाई, खरं सांगा. नियम कळला असता तरी पोरीला ते गणित झेपलं नसतंच ना?"

मी टाइप करता करता, मान वर न करता म्हटलं, "नसतंच झेपलं हो, काका."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि पुढच्या पालकाला आत बोलावलं.