आईच्या नावावरची इंजेक्शनं

आईला पुण्याला न्यायला मी चौसाळ्याला पोचलो तो शुक्रवार होता आणि सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ही तारीख तिसरी. पहिली तिने तुरीची रास व्हायची आहे म्हणून मोडली, दुसरी कुणाच्या तरी बारशासाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; दारात कुणी उभं राहिलं तर बाई आहे की बाप्या एवढंच तिला कळायचं. तरी मी फोनवर विचारलं की म्हणायची, "लई चांगलं दिसतंय, तू काळजी करू नको."

बॅग भरलेली असेल, निदान काढून तरी ठेवली असेल, अशी माझी भाबडी समजूत. आई ओट्यावर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. फरशीवर रक्ताचे थेंब होते आणि तिला न दिसलेले थेंब पार पायरीपर्यंत गेले होते.

"कुणाला लागलं?"

"पोरीला."

पोरी म्हणजे कुत्री. वडील गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या रानात मेंढरांचा तळ पडला होता. मेंढपाळ पुढे निघून गेले, ही लंगडत मागे राहिली. आईने तिला भाकरी टाकली आणि तेव्हापासून मला पुण्याहून आईशी बोलायचं म्हणजे आधी कुत्रीचं सगळं ऐकून घ्यावं लागायचं.

"किती दिवस झाले हे?"

"दोन-तीन महिने. गल्लीतले म्हणले, माजावर आली असंल."

"तीन महिने कुणी माजावर असतं का, आई?"

"मग मला काय इचारतो? मी काय डाक्टर हाय?"

मी खाली वाकून शेपटी उचलून बघितलं. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं लालभडक मांस बाहेर आलेलं. मी शेपटी सोडून दिली. मला त्या क्षणी कुत्रीची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या डोक्यात फक्त सोमवार होता.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर गाईंना लस टोचायला वस्त्यांवर गेलेले. तिथल्या शिपायाने मान वर न करता विचारलं, "गाय का म्हैस?" कुत्री म्हटल्यावर त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "बीडला घेऊन जा साहेब."

बीडला नेलं. म्हणजे मी गाडी चालवली आणि आई मागच्या सीटवर पोतं अंथरून कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मांजरसुंब्याच्या घाटात कुत्री ओकली. गाडीला अजून वर्ष झालं नव्हतं. आई म्हणाली, "हळू चालव की, तिला गरगरतंय."

डॉक्टर तरुण होते, शांत होते, आणि त्यांच्या त्या शांतपणाचाही मला राग आला. त्यांनी हातमोजे घालून तपासलं, काचेच्या पट्टीवर त्या मांसाचा ठसा घेतला आणि म्हणाले, "गाठ आहे. कॅन्सर असू शकतो. कुत्र्यांमध्ये एक प्रकार असतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. माणसाला लागत नाही. तो असेल तर इंजेक्शनांनी बरा होतो. दुसरा कुठला असेल तर अवघड आहे. ही काच बाहेरगावी तपासायला पाठवू. आठ दिवस लागतील."

कॅन्सर हा शब्द ऐकला आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता ही जाईल, आईला चौसाळ्यात थांबायला कारण उरणार नाही, आई पुण्याला येईल, डोळे होतील, माझे फोन संपतील, असं सगळं एका झटक्यात मनात येऊन गेलं. मी गप्प उभा होतो. आईला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं.

ती म्हणाली, "कावून रे गप झालास? बरं वाटलं का तुला?"

डॉक्टरांसमोर. मी तिच्यावर ओरडलो. काहीतरीच बोलतेस, इतक्या लांबून आलो ते कशाला, वगैरे. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून काचेवर खूण करत बसले. ते खरं नसतं तर मी इतका ओरडलो नसतो, हे मला परतीच्या वाटेवर घाट चढताना कळलं.

सोमवारचं ऑपरेशन अर्थातच गेलं. "रिपोट येऊ दे, मग बघू," एवढंच आईचं उत्तर. मी एकटा पुण्याला परत आलो. ऑफिसात बसलो की मोबाईल वाजायचा. आईच्या सांगण्यावरून शेजारीण मला फोटो पाठवायची. कुत्री बसलेली, कुत्री झोपलेली, ओट्यावरचे डाग. साहेबांच्या समोर मी एकदा मोबाईल उघडला आणि त्यावर नेमके ते डागच.

रिपोर्ट चांगला आला. चांगला म्हणजे कॅन्सरच होता, पण इंजेक्शनांनी बरा होणारा. आठवड्याला एक, चार ते सहा आठवडे. "पण औषध माझ्याकडे नसतं," डॉक्टर फोनवर म्हणाले. "बीडमध्ये एक मेडिकल आहे, तिथे माणसांचं मिळतं, तेच चालतं."

पुढच्या शनिवारी मी आईला आणि कुत्रीला दवाखान्याच्या दारात उतरवून त्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि कॉम्प्युटरवर बोटं ठेवली. "पेशंटचं नाव?"

"पेशंट कुत्री आहे."

"असं कसं? हे कॅन्सरचं इंजेक्शन आहे. नाव आणि वय टाकल्याशिवाय बिल होत नाही."

"कुत्री लिहा."

"अहो, कुत्री लिहून कसं चालंल?"

मागे रांग वाढत होती. तिकडे आई त्या कुत्रीला धरून उन्हात बसली असणार. मी वैतागून आईचं नाव सांगितलं. वय बहात्तर. बिल निघालं. वळलो तर मागे आमच्या भावकीतला एक गृहस्थ उभा. तो साखरेच्या गोळ्या न्यायला आला होता. त्याने ते नाव ऐकलं, माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, रामराम करतोय. मी पण मान हलवली आणि पळालो.

मंगळवारी चुलतभावाचा फोन आला. आवाज घोगरा. "एवढं झालं आन् आमाला कळवलं बी न्हाई तू."

"काय झालं?"

"आता लपवून काय उपेग? समद्या गावाला म्हाईत हाय."

मला उलगडायला वेळ लागला. मग मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. आईला काही झालेलं नाही, कुत्रीला झालंय, औषध कुत्रीचं आहे, नाव फक्त आईचं दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं. तिच्यासमोर आमी बी असंच म्हणायचं का?"

मी फोन टेबलावर आपटला.

त्या शनिवारी गेलो तर ओट्यावर सहा-सात बायका, दारात चपलांचा ढीग, आत केळी आणि मोसंबीच्या पिशव्या. आष्टीची मावशी, आईची धाकटी बहीण, एस.टी.ने येऊन दोन दिवस मुक्कामाला. तिने कुठल्याशा पाल्याची हिरवी पूड आणली होती आणि ती पाण्यात कालवून आईच्या मागे लागली होती. मला बघताच मावशीने गळा काढला, "लेकरा, आता तूच हाय रे तिला!"

आई भडकलेली होती. "चार दिस झाले सांगती हाय, मला काय बी झालं न्हाई. मी सुई घेतली न्हाई, पोरीनं घेतली."

"कोन पोरगी?" ओट्यावरच्या एकीने विचारलं.

"ही काय!" आईने कोपऱ्यात बोट दाखवलं. कुत्री माणसांना कंटाळून केव्हाच मागच्या दाराने निघून गेली होती. कोपऱ्यात काहीच नव्हतं. आईला ते दिसलं नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मावशी पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला लागली.

फोटो काढणारी शेजारीण नेमकी माहेरी गेलेली. मी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रिपोर्ट दाखवला. तो इंग्रजीत होता. एक बाई मला समजावत म्हणाली, "कुत्र्यामाग कोन एवढं पळतं, दादा? पुण्यावरून? दर शनिवारी?" तिचं म्हणणं बरोबरच होतं. मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

शेवटी मी मावशीला म्हणालो, "चल गाडीत बस. डोळ्यांनी बघ."

दवाखान्यात कुत्रीला टेबलावर आडवं केलं, तोंडाला पट्टी बांधली, पायाला सलाईन लावलं. मावशी भिंतीला टेकून उभी. तिचं रडणं थांबलं. मग तिचा चेहरा लाल झाला. "म्हंजी खरंच कुत्री? अगं, मी आष्टीपासून जामखेडपर्यंत उभ्यानं आले! समद्या रस्त्यानं रडत आले!"

"मी बोलीवलं व्हतं का तुला?" आई म्हणाली.

"दोघी जरा गप्प बसता का?" डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "हे औषध शिरेच्या बाहेर एक थेंब गेलं तर कातडी जळते. पाय हलता कामा नये. सर, नीट धरा."

मी धरला होता, पण माझा हात घामाने ओला झाला होता आणि कुत्री पाय सोडवायला बघत होती. मावशी पुढे आली, मला कोपराने बाजूला सारलं आणि तो पाय गच्च धरला. तिच्या घरी शेरडं आहेत. औषध संपेपर्यंत तिने पाय हलू दिला नाही आणि आईकडे बघितलंही नाही. जाताना दारातच म्हणाली, "भाकरीबिकरी खाती का न्हाई ही?"

खात नव्हती. त्या दुसऱ्या इंजेक्शननंतर कुत्रीने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, दोनदा ओकली. तिसऱ्याच्या वेळी रक्त तपासलं तर पेशी कमी झालेल्या, म्हणून इंजेक्शन आठवडाभर पुढे ढकललं आणि आम्ही नुसतं जाऊन परत आलो. एवढ्या लांब येऊन, गाडी धुऊन, काही न होता परत. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर आईच बोलली.

"एक बरं झालं. मी मेल्यावर जी येनार, ती समदी माणसं बघून घेतली."

"आई, काहीही बोलू नकोस."

"काही बी न्हाई. खरं बोलती. वडील गेल्यापसून लागोपाठ तीन शनिवार कधी आलतास का तू?"

मी म्हणालो, ऑफिस असतं, मुलांच्या परीक्षा असतात, डिझेल काय फुकट मिळतं का. हे सगळं खरं आहे. ती "व्हय व्हय" म्हणत कुत्रीच्या कानातली गोचीड बोटांनी चाचपडत शोधत राहिली. तिला माझ्या तोंडून कबुली वदवून घ्यायची नव्हतीच. मला मात्र तो प्रश्न पुण्यापर्यंत पुरला आणि सबंध रस्ता मी समोरच्या ट्रकांवर चिडत गेलो.

तिसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं. पाचव्याच्या वेळी डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, म्हणाले, "गाठ राहिली नाही. आता हिचं ऑपरेशन करून टाका, पिल्लं नकोत आणि पुन्हा हे नको." तेही झालं. तेही शनिवारीच.

आईचे डोळे शेवटी बीडलाच झाले. पुण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही, कारण ती म्हणाली, "बीडचा रस्ता पोरीमुळं पाठ झालाय." पट्टी सुटल्यावर घरी आली, ओट्यावर बसली आणि कुत्रीला जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, "अगं बया, ही एवढी मळकी हाय व्हय! आन् तू कावून सांगितलं न्हाईस?"

गावातला समज काही पुरता गेला नाही. आई कॅन्सरमधून उठली असंच निम्मे लोक मानतात आणि कुणाच्या घरी तसलं दुखणं निघालं की मला फोन करून औषधाचं नाव विचारतात. मी ते कुत्रीचं होतं म्हणून सांगतो. पलीकडचा माणूस दुखावतो आणि फोन ठेवून देतो.

कुत्री मजेत आहे, जाड झाली आहे. मी महिन्यातून दोनदा जातो. गाडी हायवेवरून आत वळली की ती इंजिनाचा आवाज ओळखते, ओट्यावरून उडी मारते आणि शेजारच्या तुरीत शिरते ती मी निघेपर्यंत बाहेर येत नाही. मग आई दिवसभर तुरीच्या कडेला उभी राहून तिला हाका मारते आणि मला म्हणते, "तुला बघूनच भेती ती. थोडं लांब लाव की गाडी." आता मी गाडी हायवेवरच्या पंपाजवळ लावतो आणि पिशव्या घेऊन उन्हातून चालत घरी जातो.