उस्मान मिस्त्रींचा सरस

उस्मान मिस्त्री गेल्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी हिंगोलीत वारले. चार दिवस ताप होता. वय सत्तरीच्या पुढे. नेमकं किती, ते त्यांच्या मुलालाही सांगता आलं नाही. आईचं कार्ड मला हैदराबादेत शनिवारी मिळालं. त्यात आधी घरची खुशाली होती, मग तूर काढणीला आल्याचं होतं आणि अगदी शेवटी, पत्त्याच्या रेघेला खेटून, ‘आपले मिस्त्री गेले’ एवढे तीन शब्द. नात्याबाहेरच्या माणसाला आई सहसा ‘आपले’ म्हणत नाही.

मिस्त्री संगतराश. त्यांचे वाडवडील छावणीच्या बंगल्यांसाठी दगड घडवायला आले आणि इथलेच झाले. नवं बांधणारे गवंडी हिंगोलीत पुष्कळ होते. उस्मान मिस्त्री फुटकं सांधायचे. जात्याची पाळी, उंबरठ्याचा कोपरा, विहिरीवरचा दगड, जे पुढ्यात येईल ते. पण त्यांचं नाव झालं ते स्वयंपाकघरातल्या ओट्यांमुळे आणि त्या ओट्यांची सुरुवात आमच्या घरून झाली. आईचे गुडघे लवकर धरले. चुलीपुढं बसलं की उठवेना. वडील रेल्वेत मालबाबू होते. त्यांनी कुठंतरी पाहून कमरेइतका उंच ओटा बांधून घेतला. जे मिळालं त्यातून तो बांधला असल्यामुळे तो तीन तऱ्हांचा झाला: चुलीशेजारी काळ्या दगडाची लादी, ती पाडलेल्या एका बंगल्याच्या पायरीची; मधे पाण्याच्या भांड्यांसाठी शहाबादी फरशी; आणि उजव्या हाताला पोळ्या लाटायला, भाजी चिरायला सागवानी फळी, उचलून धुता येईल अशी. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, “उभ्यानं स्वयंपाक! आता जेवायचंही उभ्यानंच का गं?” पुढच्या दोन वर्षांत काकूंसकट गल्लीत बऱ्याच घरी उभे ओटे झाले.

ओटा आला तसं त्याचं फुटणंही आलं. काळ्या लादीवर वरवंटा पडून टवका उडाला, हंडा टेकवताना फरशीची कड गेली, फळीला चीर पडली. हे सगळं १९३५च्या आसपासचं. मी तेव्हा शिक्षण संपवून घरी बसलो होतो, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं. वडिलांनी मिस्त्रींना बोलावलं खरं, पण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी पाऊल ठेवणं त्या काळी शक्य नव्हतं. हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते मागच्या दाराशी आले, उंबरठ्याबाहेर पिशवी ठेवून बसले, मान वाकडी करून आत पाहिलं आणि म्हणाले, “हात तुमचे, डोळे माझे.”

असं काम मी त्यानंतर कुठं पाहिलं नाही. दगडाचा टवका भरायला ते लाख आणि राळ एकत्र वितळवून त्यात त्याच रंगाच्या दगडाची पूड घालत. फरशीला चुना, गुळाचं पाणी, बेलाचा गर आणि फरशीचीच वस्त्रगाळ पूड. बाहेर अंगणात मिश्रण तयार करायचं, परातीत घालून उंबरठ्यावर ठेवायचं, आईनं ते आत नेऊन भरायचं आणि मिस्त्रींनी बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे.

“दाबा बाई, दाबा!”

“दाबतेय की.”

“तुमी तर गोंजारून राहिल्या. मांजर हाय का ते?”

“मिस्त्री, घरी सुनेलाही असंच बोलता का?”

“सून कुठं ऐकून राहिली? म्हणून तर तुमाला बोलतो.”

काम झालं की डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर पुन्हा घासायचं. ही परीक्षाही आईलाच द्यावी लागे. पहिली फरशी चार वेळा घासून झाली तेव्हा तिची बोटं सोलवटली होती. मिस्त्री म्हणाले, “बस. आता तुमी कारागीर झाल्या.” आईनं ते वडिलांना जेवताना दोनदा सांगितलं.

फळीचं काम मात्र त्यांनी स्वतः केलं, कारण ती उचलून बाहेर अंगणात देता आली. आईनं दारातून विचारलं, “ही कशानं सांधणार?”

“सरस लावतो, बाई.”

“सरसच लावा. हलकंसलकं काही नको.”

“अव्वल लावतो, फिकीर नको.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मलाही त्यात काही खटकलं नाही. आईच्या बोलण्यात सरस म्हणजे उत्तम, इतरांहून वरचढ. सुताराच्या बोलीत सरस म्हणजे जनावराचं कातडं आणि हाडं उकळून केलेला, लाकूड जोडायचा चिकट रस. दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलले होते.

पुढचे आठ महिने त्या फळीवर रोजच्या पोळ्या लाटल्या गेल्या, होळीचं पुरण झालं, आजोबांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला. श्रावणात हवा ओली झाली आणि भरलेली चीर मऊ पडून वास मारू लागली. मिस्त्री त्या आठवड्यात फरशीचा एक कोपरा भरायला आले होते. आई उंबरठ्याशी फळी घेऊन आली आणि हसतच म्हणाली, “हे घ्या तुमचं सरस काम. उचकटलं की.”

मिस्त्री म्हणाले, “सरस पाण्याला भितो, बाई. ह्या दिवसांत असंच व्हायचं.”

“कोण भितो?”

“सरस.”

“सरस... म्हणजे काय?”

मिस्त्रींनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं, असं ते मला पुढे म्हणाले. राळ असते म्हणून सांगितलं असतं तर तिथं खोटं धरणारं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीतल्या ओट्यांवरच त्या दिवसांत त्यांचं घर चालत होतं. एका घरात बोभाटा झाला की बाकीची दारं बंद होणार हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते म्हणाले, “कातड्याचा असतो, बाई. उकळून करतात. मला वाटलं तुमाला मालूम हाय.”

फळी आईच्या हातातून उंबरठ्यावर टेकली. तिनं विचारलं, “आणखी कुणाकडे लावलाय?”

“चार घरी.”

“त्यांना?”

“मीच सांगतो. आजच सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर माझं तोंड कुठं राहील?”

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, ते चारही घरांच्या मागच्या दारांशी जाऊन सांगून आले. एका घरी हसण्यावारी नेलं. दोन घरांनी फळ्या परत दिल्या. कोपऱ्यावरच्या काकूंनी फळी गल्लीत फेकली आणि कडी लावून घेतली. आईनं ओटा तीनदा धुतला, गोमूत्र शिंपडलं, दुसऱ्या दिवशी उपास केला. वडील म्हणाले, “झालं ते झालं. दुसरा माणूस बघू.” आई म्हणाली, “दुसरा विचारल्यावर खरं सांगेल का?”

पाचव्या दिवशी आईनं मिस्त्रींना निरोप धाडला. ते आले, पण दारापासून जरा लांबच उभे राहिले. आई म्हणाली, “नवी फळी करायची आहे. पण आता काय लावणार ते नाव फोड करून सांगा.”

“काहीच लावणार न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खरंच काही लावलं नाही. दोन फळ्यांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच कोरली, सुकलेल्या बाभळीचा तसाच डमरू घडवला आणि लाकडी हातोडीनं ठोकून बसवला. वर पाणी ओतलं. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधा आवळून धरतं. “सरस पाण्याला भीत होता,” ते म्हणाले, “ह्याला पाणीच पाहिजे.” त्या वर्षभर गल्लीतल्या फार थोड्या घरांनी त्यांना बोलावलं. ते वर्ष त्यांनी कळमनुरीकडे विहिरींच्या कामावर काढलं. मग एकेक घर परत आलं. ‘सरस नको, डमरू पाहिजे’ असं बायका मुद्दाम मोठ्यानं सांगत आणि मिस्त्रीही तितक्याच मोठ्यानं ‘व्हय व्हय, डमरूच’ म्हणत.

कोपऱ्यावरच्या काकूंचं दार तेवढं उघडलं नाही. मिस्त्री आमच्याकडे आले की आईला विचारत, “त्यांची फरशी कशी हाय? कड गेली होती.” आई सांगे, तशीच आहे. अकरा वर्षं तशीच राहिली.

मिस्त्रींच्या आजारपणाआधीच्या आठवड्यात काकू काठी टेकत आमच्या घरी आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. सुनेनं आणलेल्या नव्या फळीला लांबच लांब चीर गेली होती. आईला म्हणाल्या, “त्या मिस्त्रीला विचार, येतो का.” आईनं निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही तिथं गेली, पुढचं तिनं पाहिलेलं आहे. मिस्त्री मागच्या दाराशी आले. काकू म्हणाल्या, “आत या.”

“हिथं बराबर हाय, बाई.”

“अकरा वर्षं कुठं होता?”

“तुमच्या दाराबाहेर.”

“मग वाजवायचं नाही का?”

“कडी आतून होती.”

काकू हसल्या. आई म्हणते, त्या हसतील असं तिला वाटलं नव्हतं. मग काकूंनी उंबरठ्याच्या आतच पाट मांडून घेतला आणि काम संपेपर्यंत दोघं दोन बाजूंना बसून गावातल्या जुन्या माणसांची यादी करत राहिले. कोण गेलं, कोण उरलं.

चिरेला तीन डमरू लागणार होते. दोन त्या दिवशी बसले. तिसऱ्याची खाच कोरून झाली होती, डमरूही घडवून झाला होता, पण लाकूड जरा ओलं वाटलं म्हणून मिस्त्रींनी तो काकूंच्या अंगणात उन्हाला ठेवला आणि चार दिवसांनी येतो म्हणाले. त्या चार दिवसांत त्यांना ताप भरला.

मी गेल्या आठवड्यात हिंगोलीला जाऊन आलो. मिस्त्रींच्या मुलाला भेटलो. तो गवंडीकाम करतो, डमरूचं काम त्याला येत नाही. सोमवारी सकाळी आई माझ्याबरोबर काकूंच्या घरी गेली. सुनेनं फळी उंबरठ्यावर आणली. आईनं डमरू खाचेत धरला आणि लाकडी हातोडीनं पाच ठोक्यांत बसवला. काकूंनी चाचपडत त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खाली गळलं नाही.